रिंग दोन बोटं खाली

माझा भाचा देशाच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. खेळतो म्हणावं की बाकावर बसतो म्हणावं, हे त्या त्या दिवसावर असतं. उंची सहा फूट पाच इंच, म्हणून संघातली मुलं त्याला शिडी म्हणतात. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, त्याला अजून बाळ म्हणते, आणि हे बाळ दारातून वाकून आत येतं. मी या खेळातला जाणकार नाही. एका जुन्या हॉलचा राखणदार आहे. एकतीस वर्षं तिथली लाकडी जमीन पुसतो, चेंडूंत हवा भरतो, दिवे लावतो, मालवतो. हॉलच्या वहीत ‘पंप दुरुस्तीला दिला’ एवढंच काय ते लिहिण्याचा सराव. त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मधली एक गोष्ट मलाच ठाऊक आहे, आणि ती माझ्याच हातून झाली आहे.

मेहुणे बोटीवर कामाला. वर्षातले नऊ महिने घरी नसतात. बहीण इस्पितळाच्या कपडेखान्यात आहे. चादरी धुऊन आल्या की इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या, मजल्यामजल्यावर पाठवायच्या. त्यामुळे शाळा सुटली की पोरगा माझ्याकडे हॉलवर. कोपऱ्यातल्या बाकावर अभ्यास करायचा आणि अभ्यास झाला म्हणून खोटं सांगून चेंडू घ्यायचा. अकराव्या वर्षी त्याने रीतसर खेळायला सुरुवात केली. हॉलची जमीन तेव्हा नुकतीच नवी घातली होती. वासावरून आठवतं, पॉलिशचा वास त्याच्या कपड्यांना लागायचा आणि बहीण म्हणायची, ‘दादा, मी याला तुझ्याकडे सांभाळायला पाठवते की रंगवायला?’

आमचा हॉल म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. दोन रिंगा, एक खिडकी जी बंद होत नाही, आणि गुणफलकावरचा आठाचा आकडा अर्धा पेटतो, त्यामुळे आठ झाले की तीन दिसतात. पण आमच्याकडे चेंडू पडतो, अशी ख्याती होती. दुसऱ्या हॉलवरची मुलं यायची आणि म्हणायची, ‘काका, तुमची रिंग मायाळू आहे हो.’ मला ते ऐकून बरं वाटायचं. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रिंगांची उंची मोजायचो. माझ्या आधीच्या राखणदाराने त्यासाठी एक काठी करून ठेवली होती, बरोबर रिंगेच्या उंचीची. काठी जमिनीवर उभी धरायची, वरचं टोक रिंगेच्या कडेशी बरोबर आलं की काम झालं. टेप नको, शिडी नको, हिशेब नको.

एकोणिसाव्या वर्षी भाच्याची देशाच्या संघात निवड झाली. बहिणीने कपडेखान्यात सगळ्यांना चहा दिला. आणि तिथून त्याचे खरे हाल सुरू झाले.

त्याचं काम लांबून चेंडू टाकायचं. कधी असा टाकायचा की समोरच्या संघाचा प्रशिक्षक डोक्याला हात लावायचा. आणि कधी सलग सहा वेळा चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेला आपटून परत. नेहमी पुढच्याच कडेला. मागच्या फळीवर नाही, बाजूला नाही. जरासा कमी पडायचा. त्यांचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, ते म्हणायचे, ‘घाबरतोस, म्हणून हात आखडतोस.’ पेपरवाल्यांनी लहरी म्हटलं. संघाचा कप्तान थट्टा करायचा, ‘शिडी, तुझा हात सरकारी आहे. साहेब खूश असले तर काम करतो.’ तो हसायचा. घरी आला की ते वाक्य मला सांगायचा आणि सांगताना हसायचा नाही.

भीती माणसाला कशी आतून खाते ते मी त्याच्याकडे बघून शिकलो. सामन्याआधी त्याची बोटं गार पडायची. गरम पाण्यात हात बुडवून बसायचा, तरी गार. मग खाल्लेलं उलटून पडायला लागलं. मग सामन्याच्या आदल्या दिवसापासूनच जेवण बंद. एकदा म्हणाला, ‘मामा, चेंडू हातात आला की मला कळत नाही की हा माझा हात आहे का दुसऱ्या कुणाचा.’

प्रत्येक दौऱ्यावरून आला की हॉलवर यायचा. सकाळी सहाला मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसलेला असायचा. शंभर चेंडू टाकायचा, मी मोजायचो. ऐंशी पडायचे, एकदा तर सत्त्याऐंशी. मग माझ्याकडे बघायचा.

‘इथं पडतं ना, मामा. मग तिथं काय होतं?’

मी काय सांगणार? म्हटलं, ‘मनाचं असेल.’ सगळेच म्हणत होते, मीही म्हटलं. त्यावर तो आणखी शंभर टाकायचा. जितका घाबरायचा तितका जास्त माझ्या हॉलवर यायचा. तीन वर्षं हेच चाललं.

या वर्षी मोठी स्पर्धा होती. शिबिरात चौदा जण होते आणि बारा जाणार होते. त्याआधी पाहुण्या संघाशी दोन सराव सामने, त्यावरून दोघांना घरी पाठवणार. सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘दर दौऱ्यात तू चौथ्या सामन्यापासून खेळायला लागतोस. मला पहिल्यापासून हवा आहेस. या खेपेला नाही जमलं, तर पुन्हा बोलावणार नाही.’ मधे नऊ दिवसांची सुट्टी. तो घरी आला. चेहरा उतरलेला, गालांची हाडं वर आलेली. बहिणीने मला दारातच गाठलं. ‘दादा, याला समजाव काहीतरी. काल अंघोळीला गेला तो अर्धा तास बाहेर येईना. मी दार ठोठावलं तर म्हणतो, बसलोय. बाथरूममध्ये कुणी बसतं का?’

पहिले तीन दिवस तो सकाळी आला, ऐंशीच्या आसपास टाकले, गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मला पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेतून बोलावणं आलं. त्यांना मैदानात रिंग बसवायची होती. मी माझी काठी घेऊन गेलो. तिथल्या खेळाच्या बाई तरुण आहेत, हातात स्टीलची टेप. मी काठी उभी धरली, सुतार बोल्ट आवळायला लागला, तर बाईंनी टेप लावली आणि म्हणाल्या, ‘काका, तुमची काठी आखूड आहे.’

मी म्हटलं, ‘एकतीस वर्षं मोजतोय मी या काठीने.’

‘मग म्हातारपणी आकसली असेल,’ त्या म्हणाल्या. सुतार हसला. मीही हसलो. त्यांनी टेप पुन्हा लावली. चार सेंटिमीटर कमी. माझी दोन बोटं आडवी धरली तर भरतात तेवढी.

आठवायला वेळ लागला नाही, आठवायचं नव्हतं इतकंच. अकरा वर्षांपूर्वी हॉलमधला पाण्याचा पाइप फुटला होता. रात्रभर पाणी साचून जुनी जमीन फुगली, म्हणून तर नवी घातली. काठी तेव्हा कोपऱ्यात उभी होती. तिचं खालचं टोक भिजून फुगलं, चिरलं. नव्या जमिनीवर ओरखडे उठतील म्हणून मीच सुताराला म्हटलं होतं, एवढं टोक जरा साफ करून दे. त्याने करवत लावली आणि चुटकीसरशी साफ करून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच काठीने आम्ही दोन्ही रिंगा नव्याने बसवल्या.

हॉलवर परत आलो. बाईंची टेप मागून आणली होती. मोजलं. दोन्ही बाजूंना दोन बोटं खाली. पुन्हा मोजलं. मग बाकावर बसून राहिलो. मायाळू रिंग म्हणे. अकरा वर्षं मुलं तिथे शिकली आणि बाहेर जाऊन पुढच्या कडेवर आपटली. बाकीची खेळ सोडून नोकरीला लागली, त्यांना कळलंही नसेल. पण एक जण राहिला होता. तो शिबिरात जाऊन खऱ्या उंचीवर हात बसवायचा, चौथ्या सामन्यापर्यंत त्याचं जमायला लागायचं, आणि मग घाबरून माझ्याकडे यायचा, आणि मी ते सगळं पुन्हा मोडून ठेवायचो. जवळून बघत होतो आणि मनाचं असेल म्हणत होतो.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण माझी जीभ उचलेना. सहा दिवस राहिलेले. सांगितलं आणि पोरगा खचला तर? बहीण काय म्हणेल? मेहुणे बोटीवरून फोन करतील तेव्हा काय सांगायचं? खरं सांगायचं तर यातली निम्मी भीती माझी स्वतःची होती. आयुष्यात एकच काम केलं आणि तेच चुकीचं केलं, हे तोंडाने म्हणायची भीती. मग मी तेच केलं जे भित्रा माणूस करतो. हॉल साफसफाईसाठी बंद आहे अशी पाटी लावली, आतून कडी घातली, आणि दोन्ही रिंगा वर सरकवून घेतल्या. टेपने तीनदा मोजल्या. म्हटलं, सहा दिवसांत हात आपोआप बसेल, कुणाला काही कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पहिला चेंडू पुढच्या कडेला लागून परत आला. दुसराही. पाचव्यानंतर त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. शंभरात एक्कावन्न पडले. तो पुन्हा शंभर टाकायला लागला. तिसावाही पुढच्या कडेला आपटला. चेंडू घरंगळत भिंतीपर्यंत गेला आणि तो आणायला गेला नाही. जमिनीवरच बसला, पाय लांब करून. एवढा मोठा माणूस, आणि बसला की लहानपणीसारखाच बसतो.

‘मामा, आता इथंही गेलं,’ तो म्हणाला.

मी म्हटलं, ‘एखादा दिवस असतो तसा.’

‘नाही रे. ही एकच जागा होती. तिथं कितीही घाण झाली तरी मला वाटायचं, इथं पडतं ना, म्हणजे हात शाबूत आहे.’ त्याने तळहात उलटसुलट करून बघितले. ‘मी सरांना फोन करतो. म्हणतो दुसऱ्या कुणाला घ्या. निदान हाकलून दिलं असं तरी नको.’

त्याने खिशातून फोन काढला. मी उठलो. काठी कपाटामागून काढली, टेपही काढली, दोन्ही त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली.

‘फोन ठेव,’ म्हटलं. ‘तुझा हात गेलेला नाही. रिंग वर गेली आहे. काल मी नेली. त्याआधी अकरा वर्षं ती खाली होती.’

त्याला कळेना. मी पाइप, सुतार, करवत, शाळेतल्या बाई, सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात करता आली नसती, म्हणून एका दमात सांगितलं. तो ऐकत होता आणि काठीचं कापलेलं टोक अंगठ्याने चाचपत होता.

‘किती?’

‘दोन बोटं.’

‘तुला काल कळलं?’

‘काल दुपारी.’

‘आणि आज सकाळी मला एकशे तीस चेंडू टाकू दिलेस.’

तो उठला, टेप घेतली. त्याला शिडीची गरज पडत नाही, उडी मारून एका हाताने रिंगेला लोंबकळला, दुसऱ्या हाताने टेप सोडली. खाली मला धरायला लावली. आकडा बघितला, मग पलीकडची रिंगही तशीच मोजली. टेप गुंडाळून माझ्या हातात दिली, पिशवी उचलली आणि निघून गेला. दार जोरात लावलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी सहाला पायरीवर कुणी नव्हतं. सात वाजले. साडेसातला बहीण आली, कामावरच्या कपड्यांत, हातात डबा.

‘तो कुठंय?’ मी विचारलं.

‘घरी. झोपलाय.’ ती आत येऊन रिंगेखाली उभी राहिली, वर बघितलं. तिला काय दिसणार? ‘रात्रभर कसलेतरी जुने सामने बघत होता. वहीत लिहीत होता. दादा, तुला एवढं साधं मोजता येत नव्हतं?’

‘येत होतं असं वाटायचं.’

‘माझं पोरगं बाथरूममध्ये दार लावून बसायचं आणि तू म्हणायचास मनाचं असेल.’

मी मान खाली घातली. तिने डबा बाकावर आपटून ठेवला. ‘खा. तोंड बघ कसं झालंय. आता तू आजारी पडलास तर तुझंही मलाच बघावं लागेल.’ आणि गेली. डबा मी उघडला नाही. तो खेळाबाहेर पडणार, हा एकच विचार डोक्यात होता. दुपारपर्यंत मी चार वेळा दारात जाऊन रस्ता बघून आलो.

तो तीन वाजता आला. हातात वही. पायरीवर बसून त्याने मला दाखवली. तीन वर्षांचे दौरे, प्रत्येक सामन्यात किती टाकले, किती पडले. प्रत्येक दौऱ्याचा पहिला सामना वाईट, दुसरा वाईट, मग चढत गेलेला. आणि एक दौरा असा, ज्याच्याआधी त्याचा पाय मुरगळला होता म्हणून तो घरी न येता शिबिरातच राहिला होता. त्यात पहिल्या सामन्यापासून चांगला.

‘मी समजत होतो माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय,’ तो म्हणाला. ‘आणि ती एक काठी होती.’

मला वाटलं तो हसेल. नाही हसला.

‘आता जास्त भीती वाटते, मामा. आतापर्यंत चुकलो की म्हणायचो, डोकं. आता चुकलो तर सांगायला काहीच नाही. आता चुकलो तर तो मी.’

मी म्हटलं, ‘रिंग खरी आहे आता. तेवढं मी सांगू शकतो.’

‘तू सांगू नकोस,’ तो म्हणाला. ‘मोज.’

मी टेप आणली. त्याच्यासमोर मोजली. मग त्याने चेंडू मागितला.

त्या दिवशी शंभरात छप्पन्न. नंतर एकसष्ट, अठ्ठावन्न, सहासष्ट. ऐंशी पुन्हा कधी दिसले नाहीत. प्रत्येक चेंडूला माझा जीव टांगणीला लागायचा, आणि पुढच्या कडेचा तो आवाज आला की मी डोळे मिटायचो. त्याला ते दिसलं असावं. म्हणाला, ‘तू बाहेर जाऊन बस. तुझ्या तोंडाकडे बघून मला भीती वाटते.’ मी बाहेर पायरीवर बसून आवाजावरून मोजायला लागलो. जाळीचा आवाज वेगळा असतो.

पहिला सराव सामना मी बहिणीबरोबर कपडेखान्यात बघितला, तिच्या फोनवर. तिला सुट्टी मिळाली नव्हती. आजूबाजूला छातीपर्यंत चादरींचे गठ्ठे, गरम कापडाचा वास, फोन इस्त्रीच्या टेबलावर साबणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तो दुसऱ्या सत्रात मैदानात आला. पहिला चेंडू टाकला आणि तो पुढच्या कडेला आपटून परत आला. बहिणीची इस्त्री थांबली. मला वाटलं, संपलं. पुन्हा टाकला, पुन्हा तसाच. पडद्यावर सर बाकाजवळ उभे होते, कंबरेवर हात ठेवून.

‘इस्त्री उचल,’ मी म्हटलं. ‘चादर जळेल.’

‘जळू दे,’ ती म्हणाली, पण उचलली.

सरांनी त्याला बाहेर काढलं नाही. का काढलं नाही, कुणास ठाऊक. तिसरा चेंडू आत गेला. आवाज आला नाही, फोनचा आवाज बंद होता, पण जाळी हलली. त्या दिवशी नऊपैकी चार. दुसऱ्या सामन्यात दहापैकी चार. टाळ्या वाजवाव्यात असं त्यात काही नव्हतं.

यादी संध्याकाळी लागणार होती. बहीण आणि मी हॉलवरच बसलो होतो, कारण घरी बसवेना. सहाला फोन वाजला. तिने माझ्याकडे सरकवला, मी तिच्याकडे. शेवटी तिने उचलला आणि कानाला न लावता टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

‘आई, आहे मी,’ तो म्हणाला. ‘बारावा आहे. पण आहे.’

ती खाली बसली. मी विचारलं, सर काय म्हणाले?

‘म्हणाले, दोन्ही दिवस सारखाच खेळलास. चांगला नाही, पण सारखा. याचं काहीतरी करता येईल.’ मग म्हणाला, ‘कप्तान म्हणतो, सरकारी हात कायम झाला.’

बहीण हसता हसता रडायला लागली आणि फोनवर पदर टाकून बसली, जणू त्याला ते ऐकू जाऊ नये. पदराखालून त्याचा आवाज आला, ‘मामा आहे का तिथं? मामा, आज मोजलीस?’

‘सकाळी मोजली,’ मी म्हटलं.

‘मी पुढच्या महिन्यात येणार आहे.’

हॉलच्या वहीत मी सगळं लिहून ठेवलं आहे, तारखेसकट. हॉल चालवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरींनी ते वाचलं, सही केली आणि नवी टेप घेऊन दिली. काठीचे मी दोन तुकडे केले. आता रोज सकाळी मोजतो, दोन्ही बाजू, दोन-दोनदा. आकडा तोच येतो. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातो आणि थांबतो. टेपचं टोक जमिनीला नीट टेकलं होतं ना? मग परत येऊन कुलूप काढतो.